शंभर किलोवर अडकलेले चार महिने

माझ्या वहीत नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत डेडलिफ्टच्या (जमिनीवरचा वजनांचा रॉड उचलून सरळ उभं राहण्याच्या व्यायामाच्या) रकान्यात 95 किलोच्या पुढे आकडा गेलेला नाही. 100 लिहिलंय आणि समोर फुली. अशा 14 फुल्या आहेत.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कामाला, घरची दीड एकर भातजमीन. जूनमध्ये शहरातल्या एका जिमला लागलो. 40 वरून 95 पर्यंत कसा गेलो यात सांगण्यासारखं काही नाही, नवखा माणूस उचलतो ते वजन सुरुवातीला भराभर वाढतंच. मग सुगी लागली.

रात्री अकराला सेकंड शिफ्ट सुटायची. जेवून आडवं व्हायला साडेबारा. पहाटे सहाला जिम, तिथून थेट शेतात. कापलेलं भात बांधून भारे खळ्यावर टाकायचे; एक भारा वीस किलोच्या आतबाहेर, दिवसाला चाळीस-पन्नास. दुपारी दोनला परत कारखाना, तिथे गार झालेली कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडी भाग, उचलून ठेवायचं काम. आणि जिममध्ये मी 100 किलोपुढे उभा. रॉड जमिनीवरून सुटायचा, नडगीच्या मध्यावर यायचा आणि तिथंच थांबायचा. पाठ गोल व्हायला लागली की खाली ठेवावा लागे. भाऱ्याच्या दोरीनं तळहात सोललेले, त्यामुळे पकडसुद्धा सुटायची.

ट्रेनरला सांगितलं, तर म्हणाला, "मनापासून करत नाहीस. तीन दिवस येतोस, सहा दिवस ये." मी ऐकलं. सुगी डिसेंबरात संपली तरी सहा दिवस चालूच ठेवले, वर दर रविवारी राजहंसगडावर पळत जाऊ लागलो. फेब्रुवारीत 90 सुद्धा जड लागायला लागलं. मला आजही राग येतो तो याचा, की प्रवेशाच्या फॉर्मवर माझं वजन, उंची, छाती, दंड सगळं लिहून घेतलं; पण दिवसभर काम काय करतोस आणि झोपतोस किती, हे दोन रकाने त्या कागदावर नव्हतेच. चार महिने कुणी तोंडानंही विचारलं नाही.

विचारलं ते गल्लीतल्या एका म्हाताऱ्या वस्तादांनी. सगळं ऐकून म्हणाले, "मर्दा, भारे वाहिलास, लोखंड उचललास, गड चढलास. तेवढ्यात व्यायाम झाला की. झोपलास कधी?" तालमीत पहाटे जोर-बैठका झाल्या की पैलवान जेवून दुपारी झोपतो, ते मी लहानपणापासून बघत आलोय. जिमला लागल्यावर विसरलो.

मग शोधून वाचलं. रॉबर्ट हिक्सन या संशोधकानं 1980 मध्ये 10 आठवड्यांचा एक प्रयोग केला होता. ताकदीच्या व्यायामाबरोबरच पळणं आणि सायकल करणाऱ्यांची ताकद साधारण सात आठवडे फक्त ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांसारखीच वाढली, मग थांबली आणि शेवटी उतरली. वाचताना माझीच वही उघडल्यासारखं वाटलं. स्नायूची दुरुस्ती व्यायाम संपल्यावर दोन-दोन दिवस चालू असते. तेवढ्यात पुन्हा ओझं टाकलं की ती अर्धवट राहते. अंगाला ते ओझं रॉडचं की भाताचं, हे कळत नाही.

मार्चमध्ये पहिला आठवडा जिमला गेलोच नाही. तो आठवडा सगळ्यात अवघड गेला, कमावलेलं सगळं जाईल अशी धास्ती होती. काही गेलं नाही. नंतर फक्त मंगळवार आणि शनिवार. नाईट शिफ्टच्या दुसऱ्या सकाळी जिम नाही, झोप सात तासांच्या खाली नाही. गड चालत चढायचा, पळत नाही. तिसऱ्या आठवड्यात 100 नडगीवर न थांबता वर आला. मांडीपर्यंत आल्यावर मी तसाच उभा राहिलो, खाली ठेवावासाच वाटेना. मेमध्ये 110.

खाण्याचं आधीच सांगायला हवं होतं. माझं वजन 64 किलो, म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात. अंडी, मसुराची आमटी, दूध यांतून ती होतात, प्रोटीन पावडरचा डबा लागत नाही. पण कामाच्या दिवसांत भाकरी कमी करू नका, मी पोट कमी करायच्या नादात तीही चूक केली होती.

आणि वहीत वजनाशेजारी आदल्या रात्रीच्या झोपेचे तास लिहा. माझ्या 14 पैकी 11 फुल्यांच्या आदल्या रात्री मी साडेपाच तासांच्या आत उठलेलो होतो. शिफ्टच्या नोंदी काढून ते नंतर जुळवलं.

या सुगीचं आत्ताच लिहून ठेवलंय : नोव्हेंबरभर 70 किलो, तीन सेट, आठवड्यातून एकदा.