पगार थकला म्हणून वसलेलं गाव : क्रुशिन्यानी

पोलंडच्या ईशान्येला, बेलारूसच्या हद्दीला खेटून क्रुशिन्यानी आहे. ब्याविस्तोकहून गाडीने निघालो. आधी क्निशिनचं दाट जंगल, मग क्रिंकी हे जुनं गाव आणि त्यापुढे उंचसखल, रेताड माळ. हिमयुगात बर्फाने वाहून आणलेले गोल धोंडे अजून शेतांच्या कडेला पडलेले दिसतात.

गावात रस्ता एकच म्हणावा असा, दुतर्फा लाकडी घरं. आणि झाडांच्या आड हिरव्या रंगाची लाकडी मशीद! दोन चौकोनी मनोऱ्यांमुळे लांबून ती खेड्यातलं चर्चच वाटते. वरचे चंद्रकोरीचे कळस दिसले तेव्हा कुठे खात्री पटली.

इथे मुसलमान आले कसे? चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून तातार, म्हणजे पूर्वेकडच्या गवताळ मैदानांतले मुसलमान लढवय्ये, लिथुआनियात स्थायिक होत होते. पुढे पोलंड-लिथुआनियाच्या फौजेत त्यांची पथकं होती, पण खजिन्यात खडखडाट. पगार थकले, हक्कांवर गदा आली, तेव्हा १६७२ मध्ये त्यांतली बरीच पथकं सरळ तुर्कांना जाऊन मिळाली. त्यांना परत आणायचं तर काहीतरी द्यायला हवं होतं. रोख नव्हती, म्हणून राजा यान सोबिएस्कीने १६७९ मध्ये थकबाकीपोटी जमिनी दिल्या. त्यांत क्रुशिन्यानी आणि बोहोनिकी ही गावं होती. इथली रेती पाहता सौदा राजाच्याच फायद्याचा झाला, असं माझं मत!

पण माणसं राजाकडे परतली ती कायमची. १६८३ मध्ये सोबिएस्की तुर्कांच्या वेढ्यातून व्हिएन्ना सोडवायला गेला तेव्हा हे तातार त्याच्या बाजूने लढले. समोर सुलतानाकडेही क्राइमियाचे तातार होते. ओळख पटावी म्हणून राजाच्या तातारांनी शिरस्त्राणात गवताच्या काड्या खोवल्या, असं सांगतात. लगेच पुढच्या पार्कानीच्या लढाईत राजाचा जीव वाचवला तो सॅम्युएल क्शेचोव्स्कीने, अशीही आख्यायिका आहे. तो इथलाच जमीनदार.

मशीद अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. बूट काढून आत गेलो. गालिचे, भिंतींवर कुराणातल्या आयतांच्या चौकटी आणि बायकांसाठी वेगळी खोली. मागच्या टेकाडावर झाडीत कबरस्तान आहे. कबरींवर अरबी, रशियन, पोलिश अशा तिन्ही लिप्या सापडतात, आणि बऱ्याच जुन्या कबरींना शेतातलेच ते गोल धोंडे लावलेत. तातार भाषा मात्र कधीच गेली. कित्येक पिढ्या हे लोक घरात स्लाव्ह भाषाच बोलतात.

तातार कुटुंबं आता मोजकीच उरली आहेत. गावात ऑर्थोडॉक्स चर्चही आहे. २०२१ मध्ये बेलारूसमार्गे युरोपात शिरू पाहणारे काही निर्वासित या हद्दीवरच्या जंगलात मेले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींचं दफन बोहोनिकीच्या तातारांनी आपल्या कबरस्तानात केलं.

जाणार असाल तर स्वतःची गाडी घ्या आणि पोटात जागा ठेवा. पिएरेकाचेव्निक हा इथला खास पदार्थ. कागदासारख्या पातळ पोळ्यांचे सहा थर, मध्ये मांस किंवा गोड चीज, गोगलगाईसारखा वळून भट्टीत भाजलेला. शाकाहारी मंडळींनी चीजवाला मागावा.