तुम्ही विचारलंत म्हणून: तेच बायबल रोज का वाचता?

"काय गो, ताच ताच पुस्तक रोज वाचतस, कंटाळो येणा नाय?" मालवणात आमच्या शेजारणी विचारतात, शाळेतल्या मॅडम विचारतात, आणि मे महिन्यात मुंबईहून येणारी भाचरं तर तोंडावरच म्हणतात, मावशी, गोष्ट माहितीये ना, शेवटी येशू मेलेल्यांतून उठतो, मग परत परत काय वाचायचं?

कंटाळा येतो हो. बायबलमधल्या लेवीयच्या पुस्तकात घराच्या भिंतीला धरलेल्या बुरशीचे नियम वाचताना कोणाला येणार नाही? (जुलैमधली आमची मागची खोली बघितली की तो 14 वा अध्याय खास कोकणासाठी लिहिलाय असं वाटतं, पण ते असो.)

मी वाचते ते नवीन काही कळेल म्हणून नाही. आणि बरं वाटावं म्हणूनही नाही, हे आधीच सांगते, कारण तसं हवं असेल तर व्हॉट्सॅप आहे, रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर एक वचन येतंच. त्यातलं सगळ्यात लाडकं यिर्मया 29:11, देवाच्या मनात तुमच्या भल्याच्या योजना आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा देणाऱ्या. छानच आहे, पण त्याच्या फक्त एक ओळ वर जा, तिथे लिहिलंय की बाबेलची 70 वर्षं भरल्यावर! ते म्हणजे एक पत्र आहे, यरुशलेमहून पकडून बाबेलला (बॅबिलोनला) नेलेल्या लोकांना लिहिलेलं आणि त्यांना सांगितलंय की तिथेच घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, म्हणजे ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले बरेचसे परत घरी जाणारच नव्हते. आता हे 70 वर्षांचं कळल्यावर ती आशा कमी होते का? माझी तर वाढली, कारण परीक्षेचा निकाल नाहीतर व्हिसा, एवढ्यापुरती ती राहिली नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की आपण निवडलेल्या वचनांवर विश्वास तगत नाही, तो वाढतो आपण कधीच निवडली नसती अशा वचनांवर. काही जण डोळे मिटून बायबल उघडतात आणि बोट ठेवतात. संत ऑगस्टीनने तसं एकदा उघडलं आणि त्याचं आयुष्य बदललं हे खरंय, पण त्याच्या पाठीमागे कित्येक वर्षांची तळमळ होती, आपल्या पाठीमागे दूध उतू चाललेलं असतं.

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आम्हाला चर्चचं वाचनाचं कॅलेंडर आहे. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान सणासुदीला मध्ये मध्ये (ही येशूची गोष्ट सांगणारी चार पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं). रोजची वाचनंपण ठरलेली, तुमच्या घरी काय चाललंय ते त्या कॅलेंडरला माहीत नसतं आणि हेच त्यातलं बेस्ट. आमच्या सासरी गडग्यावरून वाद होता, सासरे आणि त्यांचा सख्खा भाऊ, हातभर जमीन, तारखा चालू. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी मत्तय 5 येतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि आठवलं की भावाचं तुझ्याशी काही बिनसलंय, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. रात्री तेर्स (रोझरीची म्हणजे जपमाळेची प्रार्थना) झाल्यावर मी नेहमीसारखं वाचलं, आमच्या घरात कोणाची टाप नव्हती हा विषय काढायची, मीही काढला नव्हता, वाचायची पाळी होती एवढंच. सासरे म्हणाले, "पुढे वाच." पुढे तर, वाटेत आहात तोवरच मिटवा नाहीतर तुरुंगात पडाल, असं होतं! केस काही लगेच मागे घेतली नाही. पण एप्रिलमध्ये आंब्यांची पाटी भावाकडे गेली आणि परत आली ती ओले काजूगर घेऊन.

आता आमच्यातलेच कोणी म्हणतील की आपल्या आज्या कुठे बायबल वाचायच्या? नव्हत्याच वाचत, त्यांच्या काळी मिस्सा (चर्चमधली उपासना) लॅटिनमध्ये, हातात रोझरी, आणि विश्वास आपल्यापेक्षा पक्का. मान्य. दुसरी व्हॅटिकन परिषद (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा) 1962 ते 65 झाली, तिने शास्त्र सगळ्यांसाठी खुलं करा, सगळ्यांनी वाचा असं आग्रहाने सांगितलं, त्यानंतर आमच्याकडे घरोघरी वाचायची सवय हळूहळू लागली. पण आजीच्या रोझरीतली रहस्यं (जप करताना मनात आणायचे प्रसंग) तरी कुठली? बहुतेक सगळी शुभवर्तमानातलीच ना, तिला ती वाचायला मिळाली नव्हती, ऐकून पाठ होती.

आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे ना. वा. टिळक घ्या. रेल्वेतल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार (बायबलचा येशूपासून पुढचा भाग) दिला, वाचीन म्हणून शब्द दिलेला, तेवढ्यासाठी वाचत गेले, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोचल्यावर पुस्तक खाली ठेववेना. 1895 मध्ये बाप्तिस्मा. पहिल्या पानांनाच कंटाळून सोडलं असतं तर?

एकटं वाचू नका मात्र. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत एक इथिओपियाचा अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत असतो, येशूचा शिष्य फिलिप विचारतो कळतंय का, तर तो म्हणतो कोणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? मला लूकचा 5 वा अध्याय आमच्या बाजूच्या रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणाऱ्या) काकांनी समजावला. ते ख्रिश्चन नाहीत, पडवीत सुपारी कातरत बसले होते. त्या अध्यायात पेत्र आणि त्याच्या सोबतच्या कोळ्यांना रात्रभर काही मिळालं नाही, जाळी धुवत बसलेत, आणि येशू म्हणतो खोल पाण्यात परत टाका. काका हसायलाच लागले. "धुतलेला जाळा परत पाण्यात? सांगणारो सुतार? आमच्याकडे गाळी खाल्ल्यान असती." मी इतकी वर्षं त्या ओळीत मासे मोजत होते, पेत्राचा वैताग मला दिसलाच नव्हता, आणि तो दिसल्यावर "तरी तुम्ही सांगता म्हणून टाकतो" हे किती जड वाक्य आहे ते कळलं.

स्तोत्र 88 पण वाचा कधीतरी, त्याचा शेवट अंधारातच होतो, शेवटच्या ओळीतसुद्धा उजेड नाही. बाबा गेले त्या वर्षी मला दुसरी कुठलीच प्रार्थना जमत नव्हती, आणि तक्रारसुद्धा प्रार्थनेच्याच पुस्तकात आहे हे माहीत होतं, म्हणून चर्चला जात राहिले.

सुरुवात कुठून करायची असं विचारत असाल तर मार्कपासून करा. 16 अध्याय, सगळ्यात छोटं शुभवर्तमान, एका दुपारी होतं. मग मत्तय, आणि ती पहिली वंशावळ गाळू नका, त्यात तामार, राहाब, रूथ आहेत, त्या कोण ते मागे जाऊन शोधा. लेवीय नंतर, पावसाळ्यात.