तुम्ही विचारलंत म्हणून : जिन्यातली वायर

दादरला एका काकूंकडे नवीन राउटर बसवत होतो. मुलगा सिंगापूरला असतो. चहाचा कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे एक गिगाचं नेट आहे म्हणे. आमच्याकडे पन्नास. पैसे तर आम्हीही वेळेवर भरतो. मग आपल्याकडेच असं का हो?" एक गिगा म्हणजे सेकंदाला हजार मेगाबिट, म्हणजेच हजार एमबीपीएस. काकूंचे पन्नास.

गेली वीस-बावीस वर्षं मी मुंबईत घरोघर इंटरनेटच्या लाइनी टाकतो. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतो. कधी सुट्टीवर आलेला कुणाचा तरी अमेरिकेतला मुलगा विचारतो, कधी कोरियन मालिका बघणारी कॉलेजातली मुलगी. दारात उभं राहून, खांद्याला बॅग असताना त्याचं धड उत्तर देता येत नाही. "तिकडचं सगळंच वेगळं असतं हो," असं काहीतरी पुटपुटून मी निघतो आणि जिना उतरताना मनाला लागून राहतं. कारण खरं उत्तर त्याच जिन्यात लोंबत असतं. म्हणून आज नीट सांगतो.

आधी फायबर म्हणजे काय ते बघा. केसाएवढी काच. तिच्यावरचं प्लास्टिक स्ट्रिपरने सोलायचं, पुसून स्वच्छ करायची, क्लीव्हरवर ठेवून टोक अगदी काटकोनात कापायचं. मग दोन टोकं स्प्लायसिंग मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. स्क्रीनवर ती दोन जाड खांबांसारखी दिसतात, हळूहळू सरकत एका रेषेत येतात, एक ठिणगी पडते आणि काचेत काच वितळून जाते. वरून स्लीव्ह तापवली की जोड पक्का. मग घरात येऊन पॉवर मीटर लावायचा, काचेतून किती प्रकाश पोचला ते मोजायला. मायनस अठरा, मायनस वीस आलं की आमचं काम झालं. मायनस सत्तावीसच्या खाली घसरलं की डब्यावर लाल लाइट लुकलुकायला लागतो आणि तुमचा फोन येतो.

हीच काच, हेच मशीन, हाच मीटर सिंगापुरात आहे, सोलमध्ये आहे, पॅरिसमध्ये आहे. घरोघरी फायबर देण्याची सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धतसुद्धा तीच, जीपॉन नावाची. एका पोर्टमधून सेकंदाला अडीच गिगाबिट निघतात आणि स्प्लिटरमधून, म्हणजे एका काचेतला प्रकाश अनेक काचांत वाटणाऱ्या डबीतून, ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, हिंदमाताच्या नाक्यावरही तेवढाच. तेव्हा विचारायचं ते हे, की ही काच रस्त्यावरून तुमच्या दारापर्यंत कोणत्या वाटेने येते, कुणाच्या परवानगीने येते, आणि एकदा आली की ती वाट दुसऱ्यालाही वापरू द्यावी लागते का.

आमची वाट गच्चीवरून जाते. रस्ता खोदायचा तर पालिकेची परवानगी, रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे, वाहतूक पोलिसांची ना-हरकत, आणि पावसाळ्यात खोदकाम बंद. फायबरची किंमत मीटरमागे काही रुपये असते. पैसा जातो तो खड्ड्यात, हे जगभर तसंच आहे. मग छोटा माणूस काय करणार? या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर टाकतो, पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधतो, तिथून डक्टमध्ये सोडतो. डक्ट म्हणजे मागच्या बाजूची ती अंधारी फट, जिथून सांडपाण्याचे पाइप उतरतात आणि कबुतरं राहतात. परळच्या एका जुन्या इमारतीत अशा डक्टमध्ये मी एकदा मोजल्या होत्या, सव्वीस वायरी. त्यातल्या चालू किती, ते कुणालाच माहीत नव्हतं. बंद पडलेली कुणी काढत नाही, कारण ओढायला जावं तर शेजारची तुटते. जुलैत जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरतं. उंदीर कुरतडतात. आणि प्रत्येक जोडात, प्रत्येक दुमडलेल्या वळणात थोडा प्रकाश गळतो.

त्यात परवानगीची गोष्ट. एका सोसायटीत सहा महिने खेटे घातले. आत आधीच एक कंपनी होती. तिने सोसायटीला वर्षाचे काही पैसे ठरवून दिले होते, आणि त्या बदल्यात दुसऱ्या कुणाची वायर आत येणार नव्हती. तिथले चाळीस संसार मिळेल त्या वेगावर दिवस काढत होते. त्यांना चांगलं नेट नको होतं असं नाही. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. या गोष्टीचा मला अजूनही संताप येतो.

आता सिंगापूर. तिथली सुमारे ऐंशी टक्के माणसं सरकारी गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या उंच इमारतींत राहतात. सरकारने ठरवलं की घरापर्यंतची काच एकच असेल, ती टाकणारी कंपनी स्वतः ग्राहकांना नेट विकणार नाही, आणि ज्याला विकायचं त्याने ती सगळ्यांसाठी सारख्या दराने भाड्याने घ्यायची. त्यासाठी १ अब्ज सिंगापूर डॉलरपर्यंत अनुदान ठेवलं. २०१० मध्ये सेवा सुरू झाली. काकूंच्या मुलाला कंपनी बदलायची असेल तर भिंतीतली काच तीच राहते, फक्त बिल देणारा बदलतो. आमच्याकडे कंपनी बदलली की नवी वायर, भिंतीला नवं भोक, डक्टमध्ये सत्ताविसावी.

कोरियाने इमारतींनाच हात घातला. तिथे निम्म्याहून जास्त घरं अपार्टमेंटमध्ये आहेत. १९९९ मध्ये त्यांनी इमारतीच्या आतल्या वायरिंगला दर्जा देणारं प्रमाणपत्र सुरू केलं. घर घेताना पाणी, लिफ्ट बघावी तसा लोक हा दर्जाही बघू लागले आणि बिल्डर आपणहून चांगलं वायरिंग करू लागले. आपल्याकडे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, इमारतींना डिजिटल जोडणीवरून तारे देण्याचे नियम काढले ते ऑक्टोबर २०२४ मध्ये. उशिरा का होईना, निघाले याचा मला मनापासून आनंद आहे. फ्रान्सने २००८ च्या कायद्यात ठरवून टाकलं, की इमारतीत जो पहिला फायबर टाकेल त्याने ते इतरांनाही वापरू द्यायचं. शिवाय पॅरिसला जुन्या गटारांचे असे बोगदे आहेत की त्यांतून माणूस उभा चालतो. फायबर त्या बोगद्यांच्या छताला बांधून नेलं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी सांडपाण्यासाठी खोदलेल्या वाटेने आज सिनेमा येतो.

मला सगळ्यात जवळची वाटते ती मात्र रोमानियाची गोष्ट. साम्यवादी काळात बांधलेल्या काँक्रीटच्या इमारती, एकीला लागून एक. १९९० च्या दशकाच्या शेवटी टेलिफोनवरचं नेट महाग आणि मंद. मग इमारतीतल्या पोरांनी स्वतः वायरी टाकल्या. एकाने जोडणी घ्यायची, लॅन केबल गच्चीवरून शेजारच्या इमारतीत न्यायची, जिन्यात स्विच, म्हणजे एका वायरीतलं नेट अनेक वायरींत वाटणारा डबा, ठेवायचा, खर्च वाटून घ्यायचा. आधी आपापसांत गेम खेळायला, मग इंटरनेटला. गल्लोगल्ली अशी नेटवर्कं झाली. पुढे मोठ्या कंपन्यांनी ती विकत घेतली आणि लॅन केबलच्या जागी फायबर आलं. टेलिफोनच्या तांब्याचा टप्पा त्यांनी जवळजवळ ओलांडूनच टाकला. आज घरच्या नेटच्या वेगात रोमानिया युरोपातल्या पुढच्या देशांत असतो, आणि बिल जर्मनीपेक्षा कितीतरी कमी.

अहो, २००५ च्या आसपास आम्हीही हेच करत होतो! निळी लॅन केबल, गच्चीवर लोखंडी डब्यात स्विच, एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत. १९९१ च्या आखाती युद्धानंतर मुंबईत केबल टीव्ही पसरला, तेव्हापासून गल्लीतला केबलवाला प्रत्येक जिना ओळखत होता. माणसं होती, वाट होती. मग आपलं गाडं कुठे अडलं?

एक तर आमच्या मागून येणारा पुरवठाच बारीक होता. १५ ऑगस्ट १९९५ ला देशात सर्वांसाठी इंटरनेट आलं. खासगी कंपन्यांना ते विकायची परवानगी १९९८ च्या अखेरीस मिळाली, आणि परदेशाशी दूरसंचार जोडणीची मक्तेदारी २००२ मध्ये संपली. वर्सोव्याला समुद्रातून केबल किनाऱ्यावर येत होती आणि तिथून काही मैलांवर माझा ग्राहक ६४ केबीपीएस (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस) वापरत होता, इतकी बँडविड्थ महाग. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात ब्रॉडबँड कशाला म्हणायचं, तर २५६ केबीपीएसला. त्याच्या तीन वर्षं आधी जपानात सॉफ्टबँक कंपनीने ८ एमबीपीएस स्वस्तात विकायला सुरुवात केली होती, आणि तीही एनटीटी या जुन्या टेलिफोन कंपनीच्या तारांवरून, कारण त्या तारा इतरांना भाड्याने द्यायची एनटीटीवर सक्ती होती. आपल्याकडेही ट्रायने तशी शिफारस केली होती. २००४ च्या धोरणाने ती घेतली नाही. माझ्या मते ती आपली सगळ्यात महागात पडलेली चूक.

दुसरं म्हणजे वीज आणि पाऊस. मृगाच्या पहिल्या गडगडाटात तांब्याच्या लॅन केबलमधून झटका यायचा आणि एका रात्रीत आठ-दहा गच्च्यांवरचे स्विच जळायचे. कमाई त्यातच जायची. काचेला विजेचं भय नाही, पण फायबरला लागणारं भांडवल आमच्यासारख्यांकडे नव्हतं, आणि गच्चीवरची वायर आज आहे, उद्या कुणी कापेल, अशा वाटेवर कर्ज कोण देणार?

आणि तिसरं, मोबाइल. २०१६ च्या सप्टेंबरनंतर डेटा इतका स्वस्त झाला की लाखो घरांनी वायरीचा विचारच सोडला. २०११ च्या जनगणनेत देशात जवळपास २५ कोटी कुटुंबं होती. वायरीवरची ब्रॉडबँड जोडणी आजही चार-पाच कोटींच्या घरात. एका गल्लीत शंभरातले वीस-पंचवीसच ग्राहक मिळाले तर खोदाईचा खर्च कुणावर वाटायचा? मोबाइलने गावोगावी नेट पोचवलं, त्याबद्दल मी एक वाईट शब्द बोलणार नाही. पण घरातली लाइन त्यामुळे मागे राहिली.

श्रीमंत देश सगळे पुढे आहेत असंही समजू नका. जर्मनीकडे चांगलं तांबं होतं, म्हणून त्यांनी त्याच तांब्यातून शेवटचा थेंब पिळायचा ठरवला आणि फायबरमध्ये मागे पडले. तांब्याचा वेग अंतरावर मरतो. एक्स्चेंजच्या शेजारी वीस एमबीपीएस देणारी तार चार-पाच किलोमीटरवर दोन-तीनवर येते. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये ९० टक्के घरांना फायबर द्यायची योजना केली. २०१३ मध्ये सरकार बदललं, खर्च वाचवायला पुष्कळ घरांचा शेवटचा तुकडा जुन्या तांब्यावरच ठेवला, आणि २०२० पासून पुन्हा तेच तांबं काढून फायबर घालायला लागले. एकाच रस्त्याचा खर्च दोनदा.

आता काकूंच्या पन्नासबद्दल. देशादेशांचे आकडे येतात ते लोकांनी आपापल्या घरी केलेल्या चाचण्यांवरून. ज्याने पन्नासचा प्लॅन घेतलाय त्याची चाचणी पन्नासच दाखवणार, त्याच्या काचेत कितीही ताकद असली तरी. आपल्याकडे महिना चारशे-पाचशे रुपयांत तीस-चाळीस-पन्नासचे प्लॅन खूप खपतात, आणि दोन माणसांच्या घराला ते पुरतातही. काकूंचा मुलाशी व्हिडिओ कॉल अडकत होता त्याचं कारण वेगळंच निघालं. राउटर टीव्हीच्या मागे, त्याला लागून गोदरेजचं कपाट, आणि फोन वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर, जिथे आजूबाजूच्या वीसेक घरांचे राउटर एकमेकांवर ओरडत असतात. राउटर पॅसेजमध्ये उंचावर लावला, फोन ५ गिगाहर्ट्झवर घेतला. त्याच प्लॅनमध्ये आधी अकरा येत होते, आता अठ्ठेचाळीस आले.

पण त्या इमारतीला गिगाबिट मी आज देऊ शकत नाही. पोर्टमध्ये तेवढं आहे, काचेत आहे. डक्टमध्ये आणखी एक धड वायर सोडायला जागा नाही, आणि जी आहे ती तीन ठिकाणी जोडलेली.

निघताना काकूंनी सांगितलं, इमारत पुनर्विकासाला चाललीय, पुढच्या रविवारी आर्किटेक्टबरोबर बैठक आहे. मी बॅग खाली ठेवली. त्यांना म्हटलं, हे लिहून घ्या. गेटपासून मीटर रूमपर्यंत जमिनीखालून दोन रिकामे पाइप. तळमजल्यावर कुलूपबंद छोटी खोली, आत प्लग. तिथून वरपर्यंत फक्त नेटच्या वायरींसाठी शाफ्ट, प्रत्येक मजल्यावर दार. शाफ्टपासून प्रत्येक घराच्या हॉलपर्यंत एक पाइप भिंतीत. आणि ठरावात एक ओळ, की हे कुणा एका कंपनीला बांधून द्यायचं नाही.

त्यांनी कालनिर्णयच्या मागे सगळं उतरवून घेतलं. मग चष्मा वर करून विचारलं, "पाइप किती इंची सांगू?"

चार इंची, मी म्हटलं, आणि आत नायलॉनची दोरी ओढून ठेवायला सांगा, दोन्ही टोकं बाहेर.