पाच पोरं, एक ओव्हन आणि नाव कोरलेला डबा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या चरईच्या घरात पोरांचा राबता सुरू होतो. शाळांना नाताळची सुट्टी लागते, नणंदेची दोघं डोंबिवलीहून राहायला येतात, आमची दोन, वरच्या मजल्यावरचा एक, असे पाच जण, सगळ्यात लहान सहाची आणि मोठा तेराचा. यंदा त्यांनी आल्या आल्या जाहीर करून टाकलं की कुकीज विकत आणायच्या नाहीत, घरी करायच्या, आणि आम्हीच करणार, मोठ्यांनी फक्त ओव्हनला हात लावायचा. म्हटलं चला, बाहेर हवा पण मस्त पडलीये, येऊरच्या बाजूने सकाळी गार वारा येतो, ठाण्यात ओव्हन लावून स्वयंपाकघरात उभं राहावंसं वाटेल असे दिवस वर्षात मोजकेच.

पहिला घाणा चॉकलेट चिपचा. लोणी फ्रीजमधून काढलेलं, दगडासारखं. मोठा भाचा म्हणाला मामी वितळवूया ना, कशाला थांबायचं, आणि मी पण हो म्हटलं कारण पोरं ताटकळून उभी होती. पातेल्यात लोणी वितळवलं, ते कोमट असतानाच साखर, मैदा, सोडा सगळं घातलं आणि वडीचं चॉकलेट सुरीने तोडून तेही त्यातच ढवळलं. चॉकलेट काय, लगेच विरघळलं, सगळं पीठ चॉकलेटी. ट्रेमध्ये बारा गोळे नीट अंतर सोडून ठेवले आणि पाचही डोकी ओव्हनच्या काचेला लागली.

चौथ्या मिनिटाला गोळे बसायला लागले. सहाव्या मिनिटाला शेजारच्यांना टेकले. आठव्या मिनिटाला ट्रेमध्ये एक कुकी होती, ट्रेएवढी, चौकोनी.

एक क्षण सगळे गप्प, मग धाकटी टाळ्या वाजवत ओरडली, "थालीपीठ झालं!" पुढचे चार दिवस घरात त्या पदार्थाचं नाव तेच राहिलं. सासूबाई आतून शंकरपाळ्याचं कातणं घेऊन आल्या, म्हणाल्या गरम आहे तोवर कापा, गार झालं की तुकडे उडतील. आणि त्यांनी शांतपणे आधी तिरक्या उभ्या रेघा, मग तिरक्या आडव्या रेघा मारत त्या अख्ख्या थालीपिठाच्या शंकरपाळ्या केल्या. कडेच्या कडक, मधल्या मऊ. खरं सांगते, चवीला त्या आठवड्यातलं सगळ्यात भारी तेच झालं होतं.

चॉकलेट चिप कुकीची गोष्ट पण मी पोरांना तेव्हाच सांगितली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये टोल हाऊस इन नावाची खाणावळ होती, ती चालवणाऱ्या रूथ वेकफील्ड बाईंनी १९३० च्या दशकात बटर कुकीच्या पिठात चॉकलेटच्या वडीचे तुकडे घातले, आणि भाजल्यावर ते तुकडे एकजीव न होता तुकडेच राहिले, तीच तर मजा. आमचे का नाही राहिले मग, असं वरच्या मजल्यावरच्याने लगेच विचारलं. कारण आपलं लोणी गरम होतं रे बाबा. थंड पिठातलं लोणी ओव्हनमध्ये हळूहळू वितळतं आणि तोवर कुकीच्या कडा धरतात, आपल्याकडे लोणी आधीच पाणी झालेलं, मैद्याने अंग धरायच्या आत पसरून मोकळं.

यावर सासूबाई म्हणाल्या नानकटाईचं तरी वेगळं काय असतं. आणि मग त्या बसल्याच गोष्ट सांगत, मी ही गोष्ट निदान दहा वेळा ऐकलीये पण दर वेळी ऐकते. त्यांच्या लहानपणी घरात ओव्हन कुणाकडे असणार, मे महिन्यात परीक्षा संपल्या की मैदा, तूप, पिठीसाखर, वेलची सगळं डब्यात भरून आई आणि त्या घराजवळच्या बेकरीत जायच्या. तिथे आधीच चार घरच्या बायका आपापलं सामान घेऊन बसलेल्या. तूप परातीत हाताने फेसायचं, साखर घालत घालत, पांढरं आणि हलकं होईस्तोवर, हात भरून यायचा मग बहिणीने घ्यायचा. गोळे बेकरीच्या काळ्या पत्र्यांवर मांडायचे आणि प्रत्येक घराची खूण ठरलेली, कुणी चारोळी लावायचं, कुणी बोटाने खळगा, यांच्या घरची खूण म्हणजे किल्लीच्या मागच्या गोलाचा ठसा. भट्टीवाल्याने मोठ्या लांब फळीने पत्रे आत सारले की तासभर बायकांच्या गप्पा. आणि गरम नानकटाईला हात लावायचा नाही हा नियम, ती आधी मऊच असते, उचलली की भुगा, गार होईल तशी घट्ट होते.

मला यातलं एक भारी आवडतं. नानकटाई सुरतेची, तिथे डच व्यापारी होते, त्यांच्यासाठी पाव भाजणाऱ्या बेकरीतून ती आली असं सांगतात. आणि कुकी हा शब्दही मूळचा डचच, त्यांच्या भाषेत छोट्या केकला जे म्हणतात त्यातून इंग्रजीत आलेला. म्हणजे सासूबाईंचा काळा पत्रा आणि माझ्या पोरांचा ट्रे, दोन्हीचा धागा त्याच समुद्रापारच्या लोकांकडे जातो. पोरांना यात काडीचा रस नव्हता, त्यांना पुढचा घाणा हवा होता.

दुसऱ्या घाण्याला मी सगळी सूत्रं सासूबाईंकडे दिली. प्रमाण अगदी सोपं, लक्षात ठेवायला एक-दोन-तीन, म्हणजे १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम लोणी, ३०० ग्रॅम मैदा. आम्ही पिवळं खारं अमूल बटर वापरलं त्यामुळे वेगळं मीठ नाही. अंडं नाही, सोडा नाही, चमचाभर व्हॅनिला. लोणी तासभर बाहेर ठेवायचं, बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे पण चमकता कामा नये. मग साखरेबरोबर फेसायचं, त्या फेसण्यात बारीक बारीक हवा अडकते आणि कुकी खुसखुशीत होते ती त्यामुळे. मैदा घातल्यावर मात्र मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं, मळलं की चिवट. आणि गोळा झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. १७० डिग्रीवर साधारण चौदा मिनिटं, कडा सोनेरी दिसल्या की बाहेर. एवढ्या पिठात पंधरा-पंधरा ग्रॅमच्या चाळीस कुकीज होतात, हा हिशोब पोरांनी स्वतः वजनकाट्यावर केला, आणि लगेच पाच जणांत आठ-आठ अशी वाटणीही करून टाकली, मोठ्यांना शून्य.

तो अर्धा तास काढायचा कसा, तर नाव-गाव-फळ-फूल, फक्त फुलाच्या जागी पदार्थ. अक्षर आलं ठ. गाव पाचही जणांचं ठाणे, सगळ्यांना पाच-पाच मार्क, फळ कुणालाच सुचलं नाही. पदार्थात तिघांनी ठेचा लिहिला, एकाने जागा कोरी सोडली आणि धाकटीने मोठ्या अक्षरात लिहिलं, ठालीपीठ. एवढी भांडणं झाली म्हणून सांगू! ती हटायला तयार नाही, म्हणते आपण आज केलं त्याला ठालीपीठच म्हणतात, थालीपीठ वेगळं. शेवटी प्रकरण आजींकडे गेलं. आजींनी चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाल्या पदार्थ नवा आहे, नाव ठेवायचा हक्क हिचा, दहा मार्क. मोठा भाचा अजून ते मान्य करत नाही.

कुकी कटर आमच्याकडे नव्हते आणि मी मुद्दाम आणले पण नाहीत. वाटी, बाटलीचं झाकण, करंजीचं कातणं, लोणी लावायची सुरी, एवढ्यावर सगळं. चांदण्या झाल्या, घंटा झाली, ख्रिसमस ट्री झालं जे कंदिलासारखं दिसत होतं म्हणून त्याला खाली झिरमिळ्या पण लावल्या, एकाने मीटरसकट रिक्षा केली. नणंदेच्या धाकट्याने स्नोमॅन केला, त्याला गाजराच्या जागी पिठाचंच लांब नाक लावलं, आणि ओव्हनमध्ये ते नाक घसरलं ते थेट पोटावर येऊन वळलं.

बाहेर काढल्यावर तो बघतच राहिला. "आजी, हा गणपती झाला." आणि खरंच झाला होता हो! सोंड, पोट, सगळं. आता खायचा कसा? तो रडकुंडीला आला. सासूबाई म्हणाल्या त्यात काय, दीड दिवस बसवू. छोट्या ताटलीत, खाली हिरवा कागद, फ्रीजवर स्थापना. दुसऱ्या रात्री सगळ्यांनी पुढच्या वर्षी लवकर या म्हटलं आणि गरम दुधाच्या कपात विसर्जन झालं, दूध त्यानेच प्यायलं, शेवटच्या घोटापर्यंत.

तिसरा ट्रे आत असताना कुणीतरी गीझर चालू केला आणि एमसीबी उडाला. स्वयंपाकघर काळोखात, पोरांची एकच किंकाळी, मोठा ओव्हनचं दार उघडायला धावला, त्याला कसाबसा थांबवला. दार बंद ठेवलं तर आतली ऊब टिकते. लाइट येईपर्यंत पाचही जण त्या दाराला पाठ लावून पहारा दिल्यासारखे बसले, म्हणजे कोणी उघडायला नको, अंधारात नुसता लोण्याचा वास आणि मधेच कुणाचं तरी हसू. ट्रे वाचला. थोड्या जास्त कडक झाल्या, पण चहात बुडवायला त्याच चांगल्या.

आता काकूंबद्दल सांगायलाच पाहिजे. आमच्या शेजारच्या काकू ईस्ट इंडियन, म्हणजे नाव इंग्रजी असलं तरी माणसं इथलीच, ठाणे, साष्टी, वसईचे पिढ्यानपिढ्यांचे रहिवासी, घरात मराठीच बोलणारे. ईस्ट इंडियन हे नाव या समाजाने व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये घेतलं. काकूंकडे नाताळच्या आधी कुलकुल करायला बसायचं हे आमच्या पोरांचं ठरलेलं. मैद्यात नारळाचं दूध घालून पीठ भिजवतात, त्याची सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून अंगठ्याने गुंडाळायची की वळकटी होते, शिंपल्यासारखी, वर रेघा. काकू मात्र काटा वापरत नाहीत, त्यांच्याकडे एक कोरा कंगवा आहे, फक्त कुलकुलचा, वर्षभर फडक्यात गुंडाळून ठेवलेला असतो. त्यावर रेघा जास्त बारीक येतात. धाकटीला त्यांनी यंदा पहिल्यांदा तो कंगवा हातात दिला, "हळू बाय, दाबू नको, नुसता सरकव", आणि ती जीभ बाहेर काढून एकेक गोळी अशी वळत होती की मला तिचा फोटो काढायचं पण भान राहिलं नाही.

चोवीसच्या संध्याकाळी सगळे तलावपाळीला चक्कर मारून आलो. जवळच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चला रोषणाई होती, नवे कपडे घातलेली माणसं आत-बाहेर, पाण्यावर दिव्यांचे लांब पट्टे. पोरांनी खिशात कुकीज कोंबून नेल्या होत्या, खिशातच त्यांचा चुरा झाला आणि तो चुरा पण खाल्ला. आल्यावर ताट भरलं, चांदण्या कडेने, मधे रिक्षा, घंटा आणि चार शंकरपाळ्या, त्या हव्यातच असा धाकटीचा हट्ट, वर क्रोशाचा रुमाल, आणि वरात काकूंच्या दारी.

काकू आत गेल्या आणि आमचा डबा घेऊन आल्या. स्टीलचा, झाकणावर सासऱ्यांचं नाव आणि १९७४ कोरलेला. दिवाळीचा फराळ त्यातूनच गेला होता, चकल्या, अनारसे, करंज्या, आणि तेव्हापासून तो काकूंच्याच फळीवर होता, कारण शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही हे दोन्ही घरांत पक्कं. आता भरून आला. तळाला कुलकुल, त्यावर नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, नुसतं नाव वेगळं, आणि सगळ्यात वर कागदात मिल्क क्रीम, दूध, साखर आणि काजूची वडी, छोट्या साच्यातून काढलेली, मासे, फुलं, घंटा. धाकटी घरी येईपर्यंत धीर धरेना, जिन्यातच झाकण उघडलं आणि कुलकुल चाळायला लागली, आपण वळलेली कुठली ते शोधत. सापडली पण, एक जरा जाडी होती आणि तिच्यावर कंगव्याच्या रेघा तिरक्या गेल्या होत्या. ती तिने कुणाला दिली नाही, आजीला दिली.

तो डबा दोन दिवसांत रिकामा झाला. सासूबाईंनी घासला, पुसला, झाकण उलटं ठेवून वाळवला आणि कॅलेंडर बघितलं. संक्रांतीला तीन आठवडे. मला म्हणाल्या, वाण्याच्या यादीत तीळ लिही, आणि या वेळी पाव किलो जास्त लिही.