माळ्यावरची चौसष्ट कार्ट्रिज

ठाण्यात कोर्टनाक्याजवळ गेली अठरा वर्षे मी लेझर प्रिंटरची कार्ट्रिज भरून देण्याचे काम करतो. जुलैअखेर हा आमचा हंगाम, कारण विवरणपत्रांच्या घाईत सीएंच्या कार्यालयांतले प्रिंटर रात्रीपर्यंत चालू असतात. अशाच एका हंगामानंतर, पाऊस जोरात असताना, नौपाड्यातल्या एका सीएंचा फोन आला. त्यांचे प्रिंटर मीच दुरुस्त करत असे, पण कार्ट्रिज मात्र ते नेहमी नवीनच विकत घेत. "माळा रिकामा करतोय. भंगारवाला किलोवर मागतोय, त्याआधी तुम्ही एकदा बघून जा," असे ते म्हणाले.

माळ्यावरून चौसष्ट कार्ट्रिज निघाली. प्रत्येक वेळी भरताना मी कार्ट्रिजच्या पाठीवर पांढऱ्या मार्करने एक ठिपका देतो. इथे एकावरही ठिपका नव्हता, म्हणजे सगळी एकेकदाच वापरून फेकलेली. त्याहून विशेष म्हणजे काही हलवून पाहिली तर आत टोनर, म्हणजे छपाईची काळी भुकटी, खळखळत होता. कंपनी जो १,५०० किंवा २,००० पानांचा आकडा देते, तो पानाचा सुमारे ५ टक्के भाग छापला जातो असे धरून काढलेला असतो. या कार्यालयातली बरीच पाने चार ओळी आणि खाली सही एवढीच. प्रिंटरवर सूचना आली की शिपाई नवीन खोका फोडत असे, आणि त्यात त्याची चूक नव्हती, कारण त्याला तसेच सांगितलेले होते.

पोती खाली नेताना माझ्या भाच्याच्या हातून एक कार्ट्रिज निसटले, जिन्याच्या कडेवर आपटून फुटले आणि दोन मजले काळे झाले. झाडणाऱ्या मावशी लगेच गरम पाण्याची बादली घेऊन आल्या. मी त्यांना थांबवले. टोनर म्हणजे शाई नव्हे. तो काजळी आणि लोहाचे संयुग मिसळलेला प्लॅस्टिकचा भुगा असतो, त्याचा कण केसाच्या जाडीच्या एक दशांशाच्या आसपास, आणि उष्णतेने वितळून कागदाला चिकटणे हेच त्याचे काम. गरम पाण्याने तो फरशीलाच धरला असता. घरगुती व्हॅक्यूमही चालत नाही, कारण इतकी बारीक भुकटी त्याच्या गाळणीतून पार होते आणि मोटरच्या ठिणगीने पेटूही शकते.

"मग पाण्याने खाली लोटून देते, गटार समोरच आहे," मावशी म्हणाल्या. यावर मी काही क्षण गप्प राहिलो, कारण सुरुवातीची कितीतरी वर्षे मी स्वतः तेच केले होते. कागदावर टोनर उमटवणारा फिरता दंडगोल म्हणजे ड्रम. त्यावरून खरवडलेला निकामी टोनर कार्ट्रिजच्या एका कप्प्यात साठतो. तो आम्ही बिनदिक्कत नाल्यात झटकत असू. शहरातले नाले शेवटी खाडीलाच मिळतात, आणि त्या खाडीचा फ्लेमिंगोंचा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाला. कार्ट्रिज पुन्हा भरतो म्हणून मी पर्यावरणाचे काम करतो, असे गिऱ्हाइकांना सांगताना ही भुकटी मी सोयीस्करपणे विसरत असे. त्या दिवशी आम्ही तिघांनी कोरड्या आणि मग गार पाण्यात पिळलेल्या फडक्यांनी दीड तास जिना पुसला आणि फडकी पिशवीत बांधून बरोबर घेतली.

दुकानात छाननी केली तेव्हा फुटलेले धरून नऊ कार्ट्रिज कायमची बाद निघाली, चौदांना नवीन ड्रम लागणार होता आणि उरलेली एक्केचाळीस नुसती साफ करून भरण्याजोगी होती. भंगारवाल्याने ती फोडून ड्रममधली ॲल्युमिनियमची नळी तेवढी काढली असती आणि बाकीचे प्लॅस्टिक कुठेतरी टाकले असते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजही आहे. त्यामुळे बाद नऊ, निकामी टोनर आणि फडकी नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे दिली. त्याचा खर्च मी बिलात वेगळा दाखवला. साहेबांनी त्यावर बोट ठेवले, जिना आठवला असावा, आणि काही न बोलता चेक लिहिला.

परवा त्यांच्याकडून तीन ठिपक्यांचे एक कार्ट्रिज आले. पानावर उभी रेघ येत होती. ड्रम शाबूत होता, त्यावरचा टोनर खरवडणारी वायपर ब्लेड झिजली होती. ती बदलली, कप्पा रिकामा करून भुकटी डब्यात बंद केली आणि चौथा ठिपका दिला.