अल्पशा आजाराने

निधनवार्तांचं पान डेस्कवर कोणी मागून घेत नाही. नवीन पोरगा आला की पहिले दोन महिने ते त्याच्या गळ्यात मारायचं, मग तो क्राइम नाहीतर राजकारण मागतो आणि सुटतो. माझ्या गळ्यात ते दुसऱ्यांदा पडलं तेव्हा मला नोकरीत सतरा वर्षं झाली होती. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये जाहिराती आटल्या, अंक निम्मा झाला, माणसंही कमी केली. उरलेल्यांनी उरलेलं सगळं ओढायचं. माझ्या वाट्याला जिल्ह्याची दोन पानं, वाचकांची पत्रं आणि ‘निधन’ आलं.

मी एका मराठी दैनिकाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) आवृत्तीत उपसंपादक आहे. आमच्या तोंडी नगरच.

निधनवार्तेची घडी ठरलेली असते. नाव, कंसात वय, निधन कशाने, पश्चात कोण. कशाने याचीही ठरीव उत्तरं: वृद्धापकाळाने, दीर्घ आजाराने, हृदयविकाराच्या तीव्र धक्क्याने आणि अल्पशा आजाराने. २०२१च्या एप्रिलमध्ये पहिली तीन जवळजवळ बंद पडली. जो तो अल्पशा आजाराने जाऊ लागला. आदल्या वर्षी घरच्यांना ‘कोरोना’ हा शब्द छापून नको असायचा ते समजण्यासारखं होतं. गल्लीच्या तोंडाशी पत्रे ठोकले जायचे, दूधवाला फिरकायचा नाही. दुसऱ्या लाटेपर्यंत पत्रे गेले, पण शब्द काही पानावर आला नाही. शिवाय कित्येकांचा रिपोर्ट निगेटिव्ह आणि छातीच्या सीटी स्कॅनचा स्कोअर अठरा-वीस. ते सरकारी यादीत कोरोनाचे नव्हते आणि आमच्या पानावरही नव्हते.

नालेगावच्या अमरधाममध्ये ओटे पुरेनात म्हणून मोकळ्या जागेत सरणं रचली जात होती. तिथला आकडा आणि प्रशासनाचा आकडा जुळत नाही, यावर आमच्या वार्ताहरानेही बातमी केली, इतरांनीही केल्या. मला त्यासाठी अमरधामला जावं लागलं नाही. एरवी माझ्याकडे दिवसाला पाच-सहा नोंदी यायच्या. त्या महिन्यात अर्धं पान पुरेना.

२१ एप्रिल, बुधवार. रामनवमी होती. नगर जिल्ह्याच्या पेपरात रामनवमी म्हणजे शिर्डी. मुंबईहून चालत आलेल्या पालख्या, तीन दिवसांचा उत्सव, रंगीत पान, आणि त्या पानाला जाहिराती शोधत फिरणारा आमचा मार्केटिंगवाला. यंदा मंदिर ५ एप्रिलपासून भाविकांना बंद होतं. सलग दुसरी रामनवमी गर्दीविना. मी सकाळीच हेडिंग करून ठेवलं आणि दुपारचा डबा लवकर उघडला.

तेवढ्यात पहिला फोन आला. राहुरी तालुक्यातून. चुलते गेले म्हणाला. जिल्हा परिषदेच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. पंचक्रोशीत तीन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी, आणि इथे तर घरचे दोघंच अमरधामच्या फाटकाबाहेर उभे होते. “साहेब, लोकांना कळायला पेपरशिवाय काही नाही. उद्या आलंच पाहिजे.”

त्याने मजकूर कागदावर लिहून त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. अल्पशा आजाराने. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. सोबत गुरुजींचा फोटो. एकट्याचा नव्हता. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा असावा. दोघांच्या गळ्यात सारखे हार, मागे फ्लेक्स. आमच्याकडे निधनाचा फोटो एक कॉलम, एकच चेहरा. ऑपरेटरने, त्याला सगळे मामा म्हणतात, गुरुजींना कापून घेतलं. बाई इतक्या चिकटून उभ्या होत्या की कितीही आवळलं तरी डाव्या कोपऱ्यात त्यांच्या पदराचा हिरवा काठ राहायचाच. मामा म्हणाला, “राहू दे. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कोणाला दिसतंय.”

दुपारी एकच्या पुढे टीव्हीवर नाशिक सुरू झालं. महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली. पांढरा धूर जमिनीसरशी पसरलेला, त्यात बूट घातलेले पाय पळताहेत. दाब उतरला आणि व्हेंटिलेटरवरची, ऑक्सिजनवरची माणसं जागच्या जागी गेली. आधी अकरा म्हणाले. संध्याकाळपर्यंत बावीस झाले. (पुढे ते चोवीस झाले.) नातेवाईक शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला तर त्याचा सिलिंडर ओढून आपल्या माणसाला लावत होते, असं नाशिकचा सहकारी फोनवर सांगत होता. तो बोलता बोलता गप्प झाला. मीही काही विचारलं नाही.

त्यानंतर आमच्या ऑफिसचे फोन थांबेनात. त्या दिवसांत पत्रकाराचा नंबर असणं म्हणजे लोकांना मोठा वशिला वाटायचा. बेड मिळेल का, रेमडेसिविर कुठे आहे, व्हेंटिलेटर रिकामा झाला तर कळवाल का. सिव्हिल सर्जनला जे सांगता येत नव्हतं ते मला काय सांगता येणार? पण ‘नाही’ म्हणून फोन ठेवणंही जमायचं नाही. मी एका वहीत रुग्णालयांचे नंबर लिहून ठेवले होते आणि तेच ते नंबर देत बसायचो, ते लागत नाहीत हे माहीत असताना.

साडेचार-पावणेपाचला राहुरीचा नंबर पुन्हा दिसला.

“साहेब, ते ‘पत्नी’ काढता येईल का?”

आता इथे थोडं सांगायला हवं. ‘पश्चात’वरून जेवढी भांडणं आम्ही बघतो तेवढी दिवाणी कोर्टात होत नसतील. सावत्र मुलाचं नाव का घातलं, थोरल्याच्या आधी धाकट्याचं का, घर सोडून गेलेल्या सुनेला ‘परिवारात’ कशी धरली. एका घरातून एकदा दोन भावांचे दोन मजकूर आले होते आणि दोन्हींत दुसरा भाऊ नव्हता. त्यामुळे मी सरळ तोच सूर लावला. “अहो, असं मध्येच कोणाचं नाव काढता येत नाही. उद्या त्या बाई ऑफिसात येतील, उत्तर कोण देणार? घरात काय असेल ते आधी मिटवा.”

तिकडून थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज.

“काकू पण गेल्या, साहेब. चार वाजता.”

मी “हो, हो, काढतो” असं दोनदा म्हणालो. सांत्वनाचं एकही वाक्य तोंडात आलं नाही, आणि मी रोज तीच वाक्यं छापतो. शेवटी त्यानेच विचारलं, दोघांच्या दोन बातम्या होतील का एकच. मी म्हटलं एकच करू. मग तो म्हणाला, “तुम्हाला आतली बातमी असते. नाशिकचं बघितलं. नगरला ऑक्सिजन आहे ना?” मी म्हटलं, आहे. मला माहीत नव्हतं.

मामाला सांगितलं. त्याने मूळ फोटो पुन्हा उघडला आणि माऊसने चौकट डावीकडे ओढली. पदर, मग खांदा, मग बाईंचा चेहरा. नाकात नथ, कॅमेऱ्याकडे न बघता नवऱ्याच्या हाराकडे बघत होत्या. बहुतेक तो सरळ करायचा राहिला होता.

“दोन कॉलम जातोय,” मामा म्हणाला.

“जाऊ दे.”

संध्याकाळी राज्याचं बुलेटिन आलं. ६७,४६८ नवे रुग्ण, ५६८ मृत्यू. वाचणाऱ्याला वाटतं, आज एवढे गेले. त्याच बुलेटिनमध्ये खाली फोड असायची: यातले अमुक गेल्या ४८ तासांतले, अमुक गेल्या आठवड्यातले, बाकी त्याआधीचे, पोर्टलवर आता चढवलेले. म्हणजे ‘आजचा आकडा’ आजचा नसायचाच. ती फोड आम्ही फार तर चौथ्या परिच्छेदात द्यायचो, आणि जागा कमी पडली की तोच परिच्छेद पहिला उडायचा. मीही कितीदा उडवलाय. राहुरीचे दोघं त्यातल्या कोणत्या रकान्यात, कोणत्या तारखेला बसले असतील, की बसलेच नसतील, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात धरलं.

पाठोपाठ नव्या निर्बंधांचा आदेश आला. दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून लागू. लग्न दोन तासांत, पंचवीस माणसांत उरकायचं, मोडलं तर पन्नास हजार दंड. पहिलं पान मुख्यालयातून येणार होतं, पण जिल्ह्याचं सगळं पुन्हा हलवावं लागलं. शिर्डीचा रिकामा मंडप आतल्या पानावर ढकलला. साडेनऊला माझी पानं तयार होती. डाक आवृत्ती, म्हणजे तालुक्यांना जाणारा अंक, आधी सुटतो, शहराचा नंतर. दहाला डाक सोडायची होती.

नऊ चाळीसला फोन. तोच नंबर. खरं सांगतो, मी तो तीन-चार रिंग तसाच बघत बसलो. आता ‘पश्चात’मधून कोणाला काढायचं, एवढंच डोक्यात होतं.

“साहेब, बातमी छापू नका.”

मग तो एका दमात बोलला. थोरला मुलगा, तोही शिक्षक, नगरलाच ॲडमिट होता, ऑक्सिजनवर. सर्वेक्षणाच्या ड्युटीवर होता, घरात पहिला आजारी तोच पडला. आई-वडील गेलेले त्याला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी बजावलंय, आत्ता काही कानावर घालू नका. “त्याला कळलं तर तो म्हणेल, माझ्यामुळे. मग काय राहील, साहेब.”

मी म्हटलं, डाकेत घेतो, शहरात वगळतो. तुमच्या गावात कळेल, इथे दिसणार नाही. म्हणताना मला माझी हुशारी पटली होती.

“पेपर तिथे आत जातच नाही. पण त्याच्याजवळ मोबाइल आहे. त्यांच्या शिक्षकांच्या ग्रुपवर रोज सकाळी तुमची पीडीएफ पडते.”

खरं होतं. आदल्या वर्षी पेपरातून विषाणू येतो अशी आवई उठली, लोक अंक उन्हात वाळवायला लागले, काही जण इस्त्री फिरवायचे. २०२०च्या एप्रिलमध्ये तर राज्य सरकारनेच घरोघर पेपर टाकायला बंदी घातली आणि तीन दिवसांत ती मुंबई-पुण्यापुरती ठेवली. तेव्हापासून ज्यांचा अंक सुटला त्यांना पीडीएफची सवय लागली. अशी पीडीएफ पुढे पाठवणं बेकायदा आहे, अशी चौकट आम्ही स्वतः छापली होती. ती चौकटही पीडीएफमधूनच फिरली.

दुपारी हाच माणूस मला म्हणाला होता, पेपरशिवाय लोकांना कळायला काही नाही.

“कधी छापू?” मी विचारलं.

“मी सांगतो.”

मामाला म्हटलं, हे काढ. त्याने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिवी न देता विचारलं, “आणि एवढं भोक कशाने भरू?” दोन कॉलम, फोटोसकट. तीन दिवस पडून असलेलं वीजबिल ऑनलाइन भरण्याचं आवाहन टाकलं. जागा तरी उरली, तेव्हा हात धुण्याची ती नेहमीची पट्टी खाली लावली. दहा वाजून सहा मिनिटांनी पान सुटलं. सहा मिनिटांचा खुलासा दुसऱ्या दिवशी मेलवर मागितला गेला. मी ‘तांत्रिक कारण’ लिहिलं.

गुरुजींची फाइल डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये टाकली. नाव काय द्यावं सुचेना, ‘थांबवलेले’ दिलं. एप्रिल संपेपर्यंत त्यात आणखी तीन फाइली आल्या. त्यातल्या एकीची गोष्ट वेगळी आहे, ती इथे नको.

रोज रात्री पान सोडताना मला त्या नंबराची आठवण व्हायची. आपण फोन करावा का? काय विचारणार? तुमचा भाऊ आहे का? केला नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक माणूस ऑफिसच्या खाली आला. वर कोणाला सोडत नव्हते, म्हणून मीच जिना उतरलो. पन्नाशीचा असेल, शर्ट दोन माप मोठा वाटत होता. दोन पायऱ्या चढून कठड्याला धरून थांबला होता. मास्कवरून डोळे तेवढे दिसले. “राहुरीचा,” एवढंच म्हणाला आणि घडी घातलेला फुलस्केप पुढे केला. मी त्याला खुर्ची देऊ का विचारलं. नको म्हणाला, रिक्षा थांबलीय.

वर येऊन कागद उघडला. समास सोडून, शिरोरेघा सरळ, प्रत्येक ओळीच्या शेवटी शब्द न तोडता. शिक्षकाचं अक्षर. मी समोर ठेवून टाइप करायला लागलो. दोघांची नावं, वयं, मग हाताने सवयीने ‘अल्पशा आजाराने’ टाइप करून टाकलं. पुढची ओळ वाचायला कागदाकडे बघितलं तेव्हा लक्षात आलं, तिथे ते नव्हतंच. तिथे लिहिलं होतं: ‘यांचे २१ एप्रिल रोजी कोरोनाने निधन झाले.’ कोरोना या शब्दाखाली पेनाने रेघ होती, खोडली जाऊ नये म्हणून मारतात तशी.

मी माझे दोन शब्द पुसले. मामाने जुन्या फोल्डरमधून फोटो काढला, दोघांचा.

दुसऱ्या दिवशी ते छापून आलं. त्याच पानावर आणखी अकरा नोंदी होत्या. सगळ्या अल्पशा आजाराने.