आवाज गेले, पण...

“ताई, आवाज गेले गं. पण हिशेब परत नाही आला.”

जांभळी नाक्यावर भाजीवाल्या मावशींनी सुट्टे परत दिले आणि माझा धाकटा भाऊ ते हातात धरून नुसता उभा. बरोबर आहेत का, ठरवता येईना. तळहातावर पेनाने लिहिलेलं ‘मेथी, आलं, लिंबं’ घामाने पुसट झालेलं. मागून कोणीतरी ओरडलं, “अहो, सरका की पुढे!” मावशी मात्र म्हणाल्या, “मोज बाळा, मला घाई नाही.”

त्याला स्किझोफ्रेनिया आहे. हे नाव काढलं की लोकांना भास (नसलेले आवाज ऐकू येणं) आणि संशय तेवढे दिसतात. बऱ्याच जणांचे ते गोळ्यांनी आटोक्यात येतात. पण लक्ष लागणं, लक्षात राहणं, कामं ओळीने लावणं? त्यावर मान्यता मिळालेलं औषध अजून नाही.

त्यासाठीच चाचणी चालू असलेल्या आयक्लेपर्टिन या औषधावर मी फार आशा लावून होते. मेंदूतल्या पेशींच्या जोडांवर ग्लायसिन हे रसायन जास्त वेळ टिकवायचं, म्हणजे शिकण्या-आठवण्याला बळ मिळेल, अशी कल्पना. चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात फरक दिसला होता. तिसऱ्या टप्प्यात नेहमीच्या औषधांसोबत सहा महिने रोज गोळी. जानेवारी २०२५ मध्ये ते बनवणाऱ्या बोरिंगर इंगेलहाइम कंपनीने जाहीर केलं, प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) ठळक फरक नाही.

चाचणीत भाग घेतलेल्यांचं मला फार वाटतं. या आजारात सहा महिने तपासण्यांना जात राहणं सोपं नाही हो. आमच्याकडे एक अपॉइंटमेंट सांभाळताना दमछाक होते.

तोवर कॉग्निटिव्ह रेमेडिएशन, म्हणजे लक्ष आणि स्मरणशक्तीचे सराव, यांचा थोडाफार उपयोग होतो. ठाण्यात हे कोणी नेमाने घेतं का?